निळी जीभ

“नाटकं आहेत तुझ्या पोरीची, दुसरं काही नाही!” आत्या ओरडली. “भोकाड पसरायचं, श्वास कोंडायचा, मान टाकायची. मग आई धावते, बाप धावतो, सुताची लडी हौदात तशीच राहते नि माल जातो वाया.”

“तुम्हाला मालाचं पडलंय?” वहिनी म्हणाली. “पोर निळी पडली हो माझी!”

“या घरात कोण निळं नाहीये?”

हे आबा बोलले. आमचे आजोबा. त्यांनी तोंड उघडलं की विषय संपला, ही आमच्याकडची रीत. बाबा होते तेव्हाही हीच होती. आबांनी आपले दोन्ही पंजे वहिनीच्या नाकासमोर धरले. नखं निळी, नखांच्या खाचा निळ्या, तळव्याच्या रेघाही निळ्या. “हे बघ. मी मेलो का?”

दादा हसला. त्याचेही हात तसेच, माझेही, आत्याचेही. सूत निळीत रंगवणारं घर आहे आमचं. लग्नात मेंदी चढत नाही आमच्या पोरींच्या हातावर, असं लोक म्हणतात. बाहेरून आलेली एकटी वहिनीच, तिचे हातही आता आमच्यासारखेच झालेत.

ठिपकी तिच्या मांडीवर आडवी पडली होती. दादाची पोरगी, अडीच वर्षांची, पण दिसायला दीडची. झालं होतं एवढंच, की ती ओल्या लडीशी खेळत होती नि आत्याने ती हिसकून घेतली. पोरगी रडली. रडता रडता आवाजच बंद. तोंड उघडं, ओठ जांभळे, मग एकदम चिंधी झाली तिची. आत्याने तोंडावर पाण्याचा हबका मारला, पाठीत दोन धपाटे घातले. काही वेळाने ती कण्हली. तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, नि जीव भांड्यात पडल्या पडल्या भांडण सुरू. आमच्याकडे दुसरं काय होणार.

“मला विचाराल तर दमा आहे,” दादा म्हणाला. “बाबांना होता. चार पावलं चालली की धापते ती.”

“दमा असता तर छाती वाजली असती,” आत्या म्हणाली. “माझ्या पोराचा दमा मी काढलाय. कुकरसारखी शिट्टी यायची. हिची कधी ऐकलीस?”

“मग तुम्हीच सांगा काय आहे!” वहिनी म्हणाली.

“सांगितलं ना. राग आहे. काकावर गेलीय.”

काका म्हणजे मी. मला घरात भडका म्हणतात. मी शाळा सोडली ती मास्तरांच्या अंगावर डस्टर फेकून, तेव्हापासून घरात कुणीही तापलं की माझ्यावर गेलं. खरं सांगायचं तर ठिपकी माझ्यावर गेलीय हे ऐकायला मला आवडायचं. दुसरं कोण जातंय माझ्यावर?

पण त्या दिवशी डोकं फिरलं. पोर अजून धड बसत नव्हती, नि हे तिघं तिच्या अंगावरून एकमेकांना टोमणे मारत होते.

“गप्प बसा सगळे!” मी ओरडलो. “रंग आहे ना? मग घासतो. निघाला की आबा खरे.”

मी साबण आणला नि तिचा अंगठा घासायला बसलो. आमच्या कामात एक गोष्ट आपोआप कळते. नीळ चढते ती कडेला, खाचेत, जिथे कातडी दुमडते तिथे. नखाच्या मध्यावरचा रंग आधी जातो. हिचं उलटं होतं. कडेची नीळ साबणाने गेली, आणि नख आतून निळं राहिलं. सगळं सारखं, कातडीखालून रंगवल्यासारखं. बोटाचं टोकही जरा गोल, फुगीर. हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं. निळ्या हातांच्या घरात निळं नख कोण बघतो?

“काय रे?” वहिनीने विचारलं.

मी बोलणार तेवढ्यात आत्या वाकली. “आण इकडे, तुला घासतासुद्धा येत नाही.”

आत्या जवळ आली की ठिपकीने जीभ काढायची, हा आमचा दोघांचा खेळ. मीच शिकवलाय. अंगात त्राण नव्हतं, तरी तिने मान वर केली आणि आत्याआजीला चांगली लांब जीभ काढून दाखवली.

जीभ जांभळी होती.

“परत काढ,” मी म्हटलं. तिने काढली. तिला वाटलं मी खूश झालो.

“काय खाल्लंय हिने?” दादा म्हणाला.

“सकाळपासून दूध,” वहिनी म्हणाली. “नुसतं दूध.”

मी माझी जीभ काढली. दादाने त्याची काढली. आत्या म्हणाली, हा काय चावटपणा, पण तिनेही काढून वहिनीला दाखवली. सगळ्या लाल. जन्मभर निळीत हात घातलेली माणसं, एकमेकांना जिभा दाखवत उभी.

आबांनी काढली नाही. ते हौदाच्या कडेला जाऊन बसले, आमची बसायची पद्धत असते तसे, उकिडवे. मग एकदम उठले, जणू कुणी चटका दिला.

“टेम्पो काढ,” ते दादाला म्हणाले.

*

मालाचा टेम्पो. पुढे दादा, वहिनी आणि मांडीवर ठिपकी. मागे सुताच्या गठ्ठ्यांवर आबा, आत्या नि मी. आत्याला कुणी ये म्हटलं नव्हतं.

वाटेत वहिनीच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, ती तिने मला मागाहून सांगितली. मागे एकदा खोकला झाला म्हणून तिने ठिपकीला जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या नर्सने बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलं. आकडा फारच खाली आला. नर्स दचकली. तेव्हा दादानेच हसत आपले हात पुढे केले नि म्हणाला, “सिस्टर, रंगवाले आहोत आम्ही. तुमचं मशीन आमच्या घरात चालायचं नाही.” नर्सही हसली. खोकल्याचं औषध घेऊन ती दोघं घरी आली. वहिनीला तेव्हा काहीतरी खटकलं होतं, पण नवरा हसतोय, नर्स हसतेय, म्हणून तीही हसली होती. टेम्पोत ती त्या हसण्याला शिव्या घालत होती.

मोठ्या दवाखान्यातली मुलांची डॉक्टरीण ठेंगणी, जाड चष्म्याची. खोलीत आम्ही पाच जण घुसलो तरी कुणाला बाहेर काढलं नाही. उलट म्हणाली, “एकेकाने सांगा. सगळ्यांना काय काय वाटतंय?”

हे कुणी विचारलं की आमच्या घरात धरण फुटतं. नाटक, दमा, रंग, सगळं तिच्या टेबलावर येऊन पडलं. मी वाट बघत होतो, आता ही आम्हाला अडाणी म्हणणार, नि मी हिच्यावर भडकणार.

“यातलं काहीही असू शकलं असतं,” ती म्हणाली. “आत्याबाई, तुम्ही म्हणता तसं पुष्कळ मुलं करतात. राग आला, दुखलं, की रडतात, श्वास धरतात, निळी पडतात, मान टाकतात. बघणाऱ्याचा जीव जातो, पण त्यांना काही होत नाही. फक्त ती मुलं एरवी गुलाबी असतात. हिची जीभ आता रडत नसतानाही निळी आहे.”

आत्याने मान डोलावली. हे नवीनच होतं.

“दमा असता तर छाती वाजली असती, खोकला असता. फुप्फुसं स्वच्छ आहेत.” मग तिने तपासायची नळी कानाला लावून तिचं दुसरं टोक ठिपकीच्या छातीवर ठेवलं आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. “हृदयाच्या ठोक्याबरोबर घासल्यासारखा आवाज येतोय. नुसत्या आवाजाला मी घाबरत नाही. कितीतरी धडधाकट मुलांना असतो, मोठी होताना जातो. पण हा आवाज खरखरीत आहे, आणि सोबत बाकीचंही आहे.”

“आणि रंग?” दादाने विचारलं.

“रंगाने यंत्र फसू शकतं, हे तुमचं खरं आहे. थंडीनेही नखं निळी पडतात. म्हणून नखाचं ऐकायचंच नाही. जीभ बघायची. जिभेला कोण रंगवणार?” तिने तो चिमटा ठिपकीच्या कानाच्या पाळीला लावला. आकडा आला. अठ्ठ्याहत्तर, जिथे शंभराच्या जवळ हवा. तिचा चेहरा हलला नाही, पण पेन हातात घेतलेलं तिने खाली ठेवलं.

“खेळता खेळता मध्येच उकिडवी बसते का ही?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“बसते की,” आत्या हळूच म्हणाली. “धावली की बसते. गुडघे पोटाशी घेऊन.”

“कधीपासून?”

“चालायला लागल्यापासून.” आत्याचा आवाज बारीक झाला. “आम्ही सगळे हौदापाशी तसेच बसतो हो. आम्हाला वाटलं, आमची नक्कल करते. आम्ही हसायचो. रंगाऱ्याची पोर बघा, म्हणायचो. टाळ्या वाजवायचो.”

डॉक्टरीणबाई हसली नाही, रागावलीही नाही. “तसं बसलं की तिला बरं वाटतं. फुप्फुसांकडे जरा जास्त रक्त जातं. तिचा उपाय तिने स्वतःच शोधून काढला होता. घरात आणखी कुणाला, लहानपणी, असं काही?”

“नाही,” दादा म्हणाला. “नाही,” आत्या म्हणाली.

“होता,” आबा म्हणाले.

ते दाराशी भिंतीला टेकून उभे होते. “माझा पहिला. हिच्या आधीचा.” त्यांनी आत्याकडे बोट केलं.

“तो तर तापाने गेला,” आत्या म्हणाली. “आई सांगायची.”

“तुझ्या आईला सांगवत नव्हतं.” आबा आमच्याकडे बघत नव्हते, ठिपकीकडे बघत होते. “तोही बसायचा असाच. मी लिंबाने नखं घासायचो त्याची. रोज. माझ्या हाताचा रंग लागतो म्हणून. शेवटच्या दिवशीही घासली.”

मी आबांना जन्मात कधी खाली मान घातलेलं पाहिलं नव्हतं. आत्याने आपला हात मागे नेला आणि न बघता बापाचं मनगट धरलं.

“तुम्हाला कळलं असतं, तरी त्या काळी इथे कुणाला काही करता आलं नसतं,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “आणि हिचं त्याच्यामुळेच, असंही नाही. पोटात हृदय घडतं तेव्हा असं होऊन जातं. बहुतेक वेळा कारण सापडत नाही.”

“मी पोटुशी असताना हौदावर काम केलं होतं,” वहिनी म्हणाली. इतकं भरभर, की हे वाक्य तिने कितीतरी दिवस तोंडात धरलं असणार. “आत्या नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही.”

“निळीने असं होतं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. स्वतःला दोष देऊ नका.”

“ऐकलंस?” आत्या वहिनीवर खेकसली. “उगाच आपलं काहीतरी!” आणि डोळ्यांना पदर लावला. ही आमच्या आत्याची माया. खेकसण्यातून ओळखायची.

मग डॉक्टरीणबाईने ठिपकीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला. “ही साधी परीक्षा. छातीचं दुखणं असेल तर आकडा चढेल, ओठ गुलाबी होतील. नाही चढला, तर हवा कमी नाहीये. रक्तच फुप्फुसाकडे पुरेसं जात नाहीये. मग हृदयाची सोनोग्राफी करून पक्कं बघू.”

दादा पुढे सरकला. त्या वेळी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला तो न सांगताच कळलं, कारण आम्ही दोघं एकाच हौदावर वाढलो. सूत निळीतून काढलं की हिरवट पिवळं असतं. वर धरायचं आणि थांबायचं. हवा लागते, आणि डोळ्यांदेखत निळं होत जातं. हवा लागून रंग पालटायची वाट बघणं, हेच दादाचं काम. माझ्यासारखा तो उतावळा नाही. त्याच्याइतकं थांबून बघणारा आमच्यात कुणी नाही.

इथे त्याला उलटं बघायचं होतं. हवा लागून निळं जायला हवं होतं. तो पोरीच्या ओठांकडे बघत राहिला. मास्कवर धुकं यायचं, जायचं. वहिनी आकड्याकडे बघत होती. आत्या देवाचं काहीतरी पुटपुटत होती. मी पहिल्यांदा मनापासून म्हणत होतो, दमा असू दे रे. चांगला शिट्टी वाजवणारा दमा असू दे.

आकडा दोन पावलं वर गेला नि तिथेच बसला.

“नाही पालटत,” दादा म्हणाला. कुणी सांगायच्या आधी तोच म्हणाला. “हा पक्का रंग आहे.”

*

सोनोग्राफीत दिसलं ते डॉक्टरीणबाईने कागदावर काढून दाखवलं. चार खोल्यांचं घर. खालच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक, आणि फुप्फुसांकडे जाणारं दार अरुंद. ऑपरेशन केलं की भोक बुजवता येतं, दार मोठं करता येतं. धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. तोवर एक औषध द्यायचं, नि ती निळी पडली की गुडघे छातीला लावून धरायचं, पाण्याचे हबके मारायचे नाहीत, आणि सरळ दवाखाना गाठायचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला रडू द्यायचं नाही.

रडू द्यायचं नाही! आमच्या घरात! जिथे मीठ मागायचं तरी लोक बोंब मारतात.

पण शिकलो. आम्ही कुजबुजत भांडायला शिकलो. एकदा आत्या आणि मी हौदाच्या दोन बाजूंना उकिडवे बसून, ठिपकी मध्ये खेळत असताना, चेहरे हसरे ठेवून एकमेकांना “गाढवा”, “तूच म्हशी” असं कुजबुजत होतो. ठिपकीला वाटलं, हे फार प्रेमात आलेत. मोठ्या भांडणालाही तोच नियम. आणि ते भांडण दादाचं होतं.

दादा ऑपरेशनच्या कागदावर सही करेना. “खेळते की ती,” तो कुजबुजला. “हसते. जेवते. छाती फाडायला द्यायची मी? आणि उठलीच नाही तर?”

गंमत बघा. इतके दिवस दादाच्या बाजूने असणारे आबा वहिनीच्या बाजूला जाऊन बसले. आत्याही तिथेच. जिला पोर कशी सांभाळावी कळत नाही म्हणून रोज टोमणे मारायचे, तिच्यामागे हे दोघं भिंतीसारखे उभे. दादा एकटा पडला. मी कुठे जाऊ कळेना, म्हणून दादाजवळ बसलो. भीती मलाही वाटत होती.

“उठली नाही तर काय, हे मला विचार,” आबा त्याला म्हणाले. इतकं हळू की वाकून ऐकावं लागलं. “मी काही केलं नव्हतं. नुसता घासत बसलो होतो. ते एकदा होऊन गेलेलं मला माहीत आहे. तू सही करशील आणि तरी वाईट झालं, तर मला शिव्या घाल, मी ऐकेन. पण न करता झालं ना, तर शिव्या घालायला तुला माणूस सापडणार नाही. आरसा सापडेल.”

दादाने बराच वेळ आबांच्या हाताकडे बघितलं. मग वहिनीकडे. “पेन आण,” तो मला म्हणाला.

*

हे मी दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून लिहितोय. आज आहे ऑपरेशन. काल आबांनी ठिपकीची नखं घासली, कोमट पाण्याने, कापसाने. मला वाटलं म्हातारा पुन्हा तेच करायला बसला, मी बोलणारही होतो. पण ते म्हणाले, “यंत्र फसायला नको उद्या.” मग तिने त्यांची घासून दिली. त्यांची काय निघणार, पण त्यांनी हात पुढे धरून ठेवला होता.

आत्ता समोर वेगळीच पंचाईत झालीय. आतल्या दारापर्यंत पोरीला एकाच माणसाने न्यायचंय. तिला रडवू नका म्हणून सिस्टरने बजावलंय. सकाळपासून पोटात काही नाही, त्यात वहिनीने तिच्याकडे बघितलं की वहिनीच रडते. दादा दारापर्यंत जातो नि परत येतो. आत्या म्हणाली मी नेते, तर वहिनी म्हणाली तुम्हाला बघून ती जीभ काढेल नि खिदळेल, नि आत्या म्हणाली मग बरंच की, नि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. त्या बाद झाल्या.

“भडक्याला पाठवा,” आबा म्हणाले.

“याला?” दादा म्हणाला. “हा तर सिस्टरशीसुद्धा भांडेल.”

“भांडणार नाही,” आबा म्हणाले. मला विचारलं नाही. नुसतं सांगून टाकलं, रीतीप्रमाणे. पहिल्यांदाच त्यांच्या रीतीचा मला राग आला नाही.

काचेतून ठिपकी दिसतेय. ती जागी झाली, इकडे तिकडे बघतेय. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला, तो मला ओळखता येतो. म्हणजे आता कुठल्याही क्षणी. मला आधी पोचायला हवं, जीभ काढून.

निघतो.